शेऱ्याचा रकाना

सोनपेठ,
१४ फेब्रुवारी १९९३

चि. संघमित्रास सप्रेम जयभीम.

सहा डिसेंबरला तू येशील म्हणून आईनं वाट पाहिली. पोरगी रक्तपेढीत नोकरीला लागली आणि मावशीला विसरली, असं ती म्हणते. मी सांगितलं, तिथं एकच टेक्निशियन आहे, तिला सुट्टी नसते.

आता कामाचं. आपल्या धाकट्या भुजंगाचं लग्न जमलं. बोरीच्या माणिकराव वाकळेंची मुलगी, धुरपता, सातवी पास. बुद्धपौर्णिमेला सोनपेठात सामुदायिक विवाह आहे, अकरा जोडपी. समितीचा सचिव मीच आहे. सगळं ठरलं आणि मग माणिकराव अडले. बोअरच्या गाडीवरचा एक माणूस जिंतूरकडं एड्सनं मेला असं त्यांच्या कानावर आलंय. आपला भुजंगही चार वर्षांपासून बोअरच्या गाडीवर. मला म्हणाले, "गुरुजी, बैल घेताना आपण दात बघतोच ना? जावयाचं रक्त बघितलं तर राग मानू नका. शिक्क्याचा कागद आणा, बास." आई लय चिडली. "माझं लेकरू काय बाजारात बांधलंय का?" म्हणाली. पण मला माणसाचं चूक वाटलं नाही.

तू विचारशीलच म्हणून लिहितो. भुजंग ३१ जानेवारीला गाडीवरून आला आणि दोन तारखेपासून तापानं पडला. दहा-अकरा दिवस ताप होता. घसा धरला, छातीवर लाल पुरळ आलं, मानेला गाठी आल्या. डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या आणि दोन इंजेक्शनं दिली. काही उपयोग झाला नाही, मग ताप आपोआप उतरला. लोक म्हणतात, मोठेपणी गोवर निघाली. आता चार भाकरी खातो. कधी आणू त्याला?

तुझा,
आश्रुबा

*

परभणी,
१६ फेब्रुवारी १९९३

प्रिय दादा, जयभीम.

शुक्रवारी, १९ तारखेला, अकराच्या आत आण. तपासणीचं यंत्र आम्ही शुक्रवारीच लावतो. आठवड्याचे नमुने साठल्याशिवाय किट उघडत नाहीत. उपाशीपोटी यायची गरज नाही.

ताप नक्की कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला उतरला, ते लिहून आण. पुरळ किती दिवस होतं? खाज होती का? इंजेक्शनची सुई नवी होती की उकळलेली? आणखी एक प्रश्न आहे, तो मी भुजंगला एकट्याला विचारेन. तेव्हा तू बाहेर चहा घे.

यापुढे या विषयावर पोस्टकार्ड लिहू नकोस. आंतरदेशीय वापर. तुझं कार्ड आमच्या चौकीदाराने मला वाचून दाखवलं.

मावशीला नमस्कार.

संघमित्रा

*

परभणी,
२४ फेब्रुवारी १९९३

प्रिय दादा,

सोबत अहवाल आहे. निगेटिव्ह. पण हे पत्र अहवालाइतकंच महत्त्वाचं आहे. कृपया पूर्ण वाच.

आमचं किट विषाणू शोधत नाही. विषाणू आत शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जे तयार करतं, ते शोधतं. ते तयार व्हायला आठवडे लागतात, कधी तीन महिने. तेवढ्या काळात रक्तात विषाणू असतो, तो दुसऱ्याला लागतो, आणि आमचा कागद निगेटिव्ह म्हणतो. कागद खोटं बोलत नाही. त्याला अजून दिसलेलं नसतं.

दंडाला रबर बांधताना मी भुजंगला माझा प्रश्न विचारला. तो हसला. "तू काय माझी सासू हायस का?" म्हणाला. मग त्याने एक तारीख सांगितली. ती मी तुला सांगणार नाही, ती त्याची आहे. त्या तारखेवरून इतकंच सांगते की आजचा निगेटिव्ह पुरेसा नाही. २० एप्रिलनंतर पुन्हा रक्त घ्यायला हवं. लग्न मे महिन्यात आहे, म्हणजे वेळ आहे. दुसरा अहवाल येईपर्यंत पहिला बोरीला दाखवू नकोस.

अहवालात खाली शेऱ्याचा रकाना आहे. तिथे हे लिहायची माझी इच्छा होती. आमच्या डॉक्टरांचा नियम आहे की निगेटिव्ह असेल तर शेरा कोरा सोडायचा, लोक उगाच घाबरतात. म्हणून हे पत्रात लिहिलं.

संघमित्रा

*

सोनपेठ,
८ मार्च १९९३

चि. संघमित्रास जयभीम.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी माणिकराव इथंच बसले होते. त्यांच्या समोरच फोडलं. "निगेटिव्ह" ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे वाईटच की!" मग मी समजावलं, या परीक्षेत नापास झालेलाच पास असतो. तेव्हा हसले. कागद हातात घेऊन शिक्का बघितला, सही बघितली. "शेरा काय लिहिलाय?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. "बास तर मग," म्हणाले. "आमच्या तहसीलच्या कागदावर काय खोट असली की शेऱ्यात लिहितातच. इथं काय न्हाई लिहिलेलं, म्हणजे काय न्हाई."

कागद ते घेऊन गेले. हे होऊन गेल्यावर, ते बस धरायला निघाले तेव्हा, मी तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

मला सांग, शिक्का तुझा कागदावर आहे की पत्रावर? मी मास्तर माणूस. निकालपत्रावर पास लिहायचं आणि घरी चिठ्ठी पाठवायची की पोरगं बहुतेक नापास आहे, असं मी कधी केलं नाही. भुजंग ठणठणीत आहे. काल दोन पोती एकट्यानं उतरवली.

आश्रुबा

*

परभणी,
१३ मार्च १९९३

प्रिय दादा,

निकालपत्राची उपमा मला लागली. ती बरोबर आहे. तरीही.

भुजंग ठणठणीत दिसतो यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा आजार सुरुवातीला ओळखू येतो तो एवढ्याच खुणेने: ताप, घसा, पुरळ, गाठी, आणि मग सगळं आपोआप बरं. पुढची सात-आठ वर्षं माणूस दोन पोती उतरवतो. असा ताप दुसऱ्या दहा कारणांनीही येतो, म्हणून चाचणीशिवाय मी आजाराचं नाव घेणार नाही. पण त्याने सांगितलेली तारीख आणि ताप यांत जितके दिवस आहेत, तितकेच दिवस या आजारात असतात. मी मोजले.

म्हणून तीन गोष्टी, क्रमाने. २० एप्रिलनंतर त्याला घेऊन ये. ते जमत नसेल तर लग्न पुढे ढकल. तेही जमत नसेल तर त्याला नीट समजावून सांग. त्यासाठी कुटुंबनियोजनच्या बाईंकडून निरोधची पाकिटं घेऊन सोनपेठ गाडीच्या कंडक्टरकडे पार्सल दिलं आहे. वर 'शैक्षणिक साहित्य' लिहिलं आहे.

संघमित्रा

*

सोनपेठ,
४ एप्रिल १९९३

चि. संघमित्रा,

पार्सल मिळालं. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, खडू हायत का? लय हलके हायत." मी मान हलवली.

भुजंगाची गाडी बिदरकडं गेली. उन्हाळ्यात बोअरला उसंत नसते, मालक सोडत नाही. तो थेट लग्नाच्या दोन दिवस आधी येईल. तेव्हा २० एप्रिल शक्य नाही.

लग्न पुढं ढकलणंही शक्य नाही. पत्रकं छापून वाटली गेली. वर 'नामांतर झालंच पाहिजे', खाली अकरा जोडप्यांची नावं. चौथं नाव भुजंग-धुरपता. पंधरा वर्षं झाली आपली माणसं नामांतरासाठी मार खातायत, त्या मांडवातून सचिवाच्याच भावाचं नाव गळालं तर लोक विचारतील का. काय सांगू? आणि जे सांगेन त्यानं त्या पोरीला तरी पुन्हा कोण करील?

तिसरी गोष्ट मी केली. जायच्या आदल्या दिवशी भुजंगाला शेतात नेऊन सगळं सांगितलं. पार्सल दिलं. त्याला समजलंय. तू काळजी करू नको.

तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुला सायकलवर पुढं बसवून मी शाळेत नेत होतो. त्याची आठवण मी कधी दिली नाही, आज देतो. बोरीला काही लिहू नको.

आश्रुबा

*

परभणी,
१० एप्रिल १९९३

दादा,

मी बोरीला लिहिणार नाही. तपासलेल्या माणसाविषयी तिसऱ्याला काही सांगायचं नाही, असा नियम आहे. तुलाही मी सांगायला नको होतं तेवढं सांगून बसले आहे. सायकलचा इथे संबंध नाही.

तू भुजंगला सांगितलंस, हे मी खरं धरते.

संघमित्रा

*

सोनपेठ,
१६ मे १९९३

चि. संघमित्रास जयभीम.

लग्न छान झालं. भन्तेजी आले होते, दोन हजार पान उठलं. तुझ्या नावाची खुर्ची आईनं शेवटपर्यंत रिकामी ठेवली. धुरपता गुणी आहे. पहाटे उठते, आईचे पाय चेपते, माझ्या पोरांचा अभ्यास घेते. भुजंग आता पावसाळा संपेपर्यंत घरीच आहे. तो हसतो, खातो, पोरांना खांद्यावर घेतो. तू उगाच भीती घातलीस, असं म्हणत नाही. पण बघ.

आश्रुबा

*

परभणी,
१२ जुलै १९९३

प्रिय दादा,

माझी २४ मे आणि १४ जूनची पत्रं तुला मिळाली असावीत. दोन्हींत एकच विनंती होती, भुजंगला तपासणीला आण. उत्तर नाही. तो घरी असेल तर कोणताही शुक्रवार चालेल. परभणीला यायला कारण हवं असेल तर कृषी विद्यापीठातून बियाणं आणायचं आहे असं सांग.

संघमित्रा

*

सोनपेठ,
ता. ४ आगस्ट १९९३

ताईंना धुरपताचा जयभीम.

तुमी मला वळखत न्हाई. मी तुमच्या भुजंगाची मंडळी. तुमचा पत्ता मी कागदावरच्या शिक्क्यातून बघून लिवला. कागद माझ्याच पेटीत हाय. लग्नात बानं दिला. म्हणला, "पोरी, मी हुंड्यात काय दिलं न्हाई पण ह्यो कागद बघून तुला दिलीय. जपून ठेव." मैतरणी मला चिडवायच्या, तुझा नवरा शिक्का मारलेला हाय म्हणून. ताई, मांडवातल्या बाकी दहा जणींच्या बापानं कागद घेतला न्हवता. तुमच्यामुळं मी निर्धास्त हाय.

पत्र लिवायचं कारन की मला आषाढात ताप आला व्हता. अकरा दिस. घसा असा दुखायला की थुका गिळता येईना. छातीवर अन पाठीवर बारीक लाल पुरळ आलं, त्याला खाज न्हवती. मानंला गाठी. आत्याबाई म्हणल्या उष्णता हाय, निंबाच्या पाल्यानं आंघोळ घातली. दवाखान्यात हिवतापाच्या गोळ्या दिल्या, फरक पडला न्हाई. मग ताप आपोआप गेला. आता बरी हाय, निंदायला जायलेव.

ह्यांना सांगितलं तर हसायले. म्हणले, "मला बी माघात हेच झालतं. संघमित्रानं रक्त काढलं अन बरा झालो. जोडीला ताप बी एकच!" आत्याबाई बी लय हसल्या. थोरले भावजी तेवढे जेवणावरून उठून गेले. त्यांला पचन होत न्हाई आजकाल.

तर ताई, तवा ह्यांना जी गोळी दिली असंल ती मला बी पाठवा, परत ताप येऊ ने म्हणून. दिवाळीला माहेरी जायाचं हाय.

तुमची,
धुरपता

*

परभणी,
९ ऑगस्ट १९९३

दादा,

सोबत धुरपताच्या पत्राची नक्कल आहे. मूळ पत्र मी ठेवलं आहे. ताप अकरा दिवस, पुरळाला खाज नाही, गाठी, हिवतापाच्या गोळ्यांना दाद नाही, आपोआप बरं. तुझ्या १४ फेब्रुवारीच्या कार्डाशेजारी ठेवून वाच. मी तेच केलं. तू जेवणावरून उठलास, म्हणजे तुलाही ओळखता आलं.

एकच विचारते. ४ एप्रिलच्या पत्रात तू लिहिलंस की भुजंगला सगळं सांगितलं आणि पार्सल दिलं. दिलंस?

माझं मीही सांगते. ९ एप्रिलला मी बोरीच्या गाडीत बसले होते. माणिकरावांचं घर विचारून घ्यायचं, एवढं ठरवलं होतं. झरीला उतरले आणि समोरून आलेल्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी तुला नियम लिहून पाठवला. नियम खरा आहे. पण मी झरीला उतरले ती नियम आठवून नव्हे. मावशी मला काय म्हणेल, ते आठवून.

संघमित्रा

*

सोनपेठ,
१३ ऑगस्ट १९९३

संघमित्रा,

नाही.

त्याला शेतात नेलं होतं हे खरं आहे. बांधावर बसलो. धाकट्या भावाशी असलं बोलायला थोरल्याची जीभ वळत नाही. बाप गेल्यापासून तो माझ्यापुढं मान वर करून बोललेला नाही. मी म्हणालो, "जपून राहा." तो म्हणाला, "बरं दादा." एवढंच सांगणं झालं. तुला पत्र लिहिताना मला वाटत होतं, अजून महिना आहे, सांगू. मग मांडव उभा राहिला. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं असं तो विचारील.

तुझं पार्सल शाळेच्या कपाटात आहे, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं. सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

ती पोरगी रोज सकाळी मला पाणी आणून देते. मी तांब्या घेतो आणि खाली बघतो. काल तिनं विचारलं, "भावजी, माझं काय चुकलं का?"

अजून काही वेळ आहे का? औषध निघालं असेल, पुण्या-मुंबईत तरी. तेवढं कळव. आणि तिला काय सांगायचं तेही तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

आश्रुबा

*

परभणी,
१६ ऑगस्ट १९९३

प्रिय धुरपता, जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. तू सगळं नीट लिहिलंस, एवढं नीट आमच्याकडे येणारे डॉक्टरही लिहीत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला मी कोणतीही गोळी दिली नव्हती. तुला आलेल्या तापाविषयी मला तुझ्याशी बोलायचं आहे. ते पत्रात लिहिता येणार नाही. पत्रात लिहिलेलं पोहोचत नाही, हे मी या वर्षी शिकले.

रविवारी, २२ तारखेला, मी सकाळच्या गाडीने सोनपेठला येते. स्टँडवर थांब. एकटी ये. आत्याबाईंना आणि भावजींना सांगून ये, लपवू नकोस, पण बरोबर कोणाला आणू नकोस. आधी मी तुझ्याशी बोलेन, मग भुजंगशी. तोपर्यंत भुजंगपासून वेगळी नीज. अंगात कणकण आहे असं सांग. कारण मी रविवारी सांगेन आणि ते तुला पटेल.

ताप आल्याची आणि उतरल्याची तारीख आठवून ठेव. शेवटची पाळी कधी आली तेही. मी रक्त घेईन. त्याचा पहिला कागद काहीही म्हणाला तरी त्यावर विसंबू नकोस, शिक्का माझा असला तरी. नोव्हेंबरमध्ये पुन्हा घ्यावं लागेल. दोन्ही वेळा मी स्वतः तुला घेऊन जाईन.

तू मला एक प्रश्न विचारशील, हे मी आधीच का सांगितलं नाही असा. त्याचं उत्तर मी तयार करून आणणार नाही. तू विचार, तेव्हा देईन.

येताना पेटीतला तो कागद आण. त्याच्या खाली शेऱ्याचा रकाना आहे, तो कोरा आहे. फेब्रुवारीत तिथे एक ओळ लिहायची होती. ती मी तुझ्यासमोर लिहिणार आहे.

संघमित्रा